अण्णांचा पस्ताना

रविवार, १८ मे

व्हिसा आले. अण्णांचाही आणि माझाही. अण्णांनी चष्मा लावून पासपोर्टवरचा आपला फोटो पाहिला आणि म्हणाले, "हा मनुष्य फार आजारी दिसतोय गं. ह्याला कशाला एवढ्या लांब पाठवताय?" मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. वेणूने फोनवर बजावलंय, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं ताळ्यावर राहील. धाकटा भाऊ जर्मनीला गेला की थोरला होतो. असो, लिहिते.

अण्णांच्या यकृतात गाठ आहे. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. वेणू राहतो त्या गावाजवळच्या इस्पितळात एका नव्या औषधाचा प्रयोग चाललाय, तिथे अण्णांना जागा मिळाली आहे. अट एकच. विमानप्रवास झेपण्याइतके ते धड राहिले पाहिजेत. सध्या रोज संध्याकाळी ताप, डोळे हळदीसारखे, आणि जेवण म्हणजे चार चमचे ताकभात. मी सोबत जाणार. नवरा नाही, पोर नाही, म्हणजे घरातली पाठवण्याजोगी वस्तू मीच.

तिकीट पाहून तुंगाआत्याने कपाळाला हात लावला. आत्या म्हणजे अण्णांची बहीण, आमच्याकडेच असते, आणि पंचांग हेच तिचं वर्तमानपत्र. "सत्तावीस तारीख? मंगळवार, त्यात अमावास्या! अय्यो, ह्या विमानाला दुसरा दिवस नव्हता?"

मी म्हटलं, विमान माझ्या मालकीचं नाही.

"सरी, बरं तर, मग पस्ताना ठेवू," आत्या म्हणाली आणि निश्चिंत झाली.

गुरुवार, २२ मे

पस्ताना ठेवला. मी लहानपणी एकदा पाहिला होता, आजोबा काशीला निघाले तेव्हा. जायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी, चांगल्या घटकेला, जाणाऱ्याच्या अंगावरचं एक वस्त्र घ्यायचं. त्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधायचे आणि ते गाठोडं वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झालं, माणूस निघाला. मागाहून देह अमावास्येला निघाला तरी चालतो. गाठोडं जाताना उचलायचं, घरात मात्र परत आणायचं नाही. देवाला फसवायची ही युक्ती आमच्या घराण्याने शहाजीराजांच्या काळात इकडे बेंगळुरूला येताना आणली असणार. पूर्वज चलाख होते.

आज गोंधळ झाला तो वेगळाच. आत्याने सांगितलं होतं की अण्णांचं उपरणं आणून ठेव. ते मी सकाळी इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं होतं. मशीन एकदा फिरायला लागलं की त्याचं दार उघडत नाही. इकडे घटका चालली, आत्या दारातून ओरडतेय, "भव्या, मुहूर्त टळतोय!" अण्णा ग्लानीत, त्यांच्या अंगातला सदरा काढायचा म्हणजे त्यांना उठवायचं. शेवटी मी माझ्या खांद्यावरची हिरवी शाल काढली आणि तिच्यातच सगळं बांधलं. आत्याला आता नीट दिसत नाही. तिने गाठोड्यावर हळदकुंकू वाहिलं. मी खाली नेऊन तळमजल्यावरच्या नागनाथकाकांकडे देवाच्या फळीखालच्या स्टुलावर ठेवून आले. काका आमच्यासारखेच इथले जुने, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मला पाहून एवढंच म्हणाले, "सुखरूप जाऊन ये."

मी म्हटलं, काका, हा अण्णांचा आहे. "हो हो, त्यांचाच," म्हणाले.

रविवार, २५ मे

सगळं मुसळ केरात. वेणूचा फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी औषधाची पुढची खेप येईपर्यंत थांबायला सांगितलंय. नवी तारीख कळवतील. मी वेणूवर ओरडले, जणू औषध तोच बनवतो. राहतील इतके दिवस अण्णा? हे मी मोठ्याने विचारलं नाही, त्यानेही नाही.

खाली जाऊन गाठोडं घेऊन येते म्हटलं, तर आत्या आडवी आली. "पस्ताना परत घरात आला म्हणजे जाणारा वाटेतून माघारी फिरला. मग तो प्रवास त्याला घडत नाही. तुझ्या बापाला जायचंय ना?" माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण अण्णांच्या बाबतीत पाव टक्कासुद्धा धोका नको, म्हणून ठेवलं तिथेच.

एक चांगलं झालं. अण्णांनी आज स्वतः मागून अर्धी वाटी बिसी बेळे भात खाल्ला. ताप आला नाही.

मंगळवार, २७ मे

आज आम्ही विमानात असणार होतो. त्याऐवजी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात गेले. कालपासूनची रजा मागे घेतली होती, पण ती कुठेतरी अडकली असावी, कारण दारात माझं कार्ड चालेना. कुणाच्या तरी मागून आत शिरले. शेजारच्या टेबलावरची हर्षिता, पुण्याची आहे, दिवसभर माझ्याकडे न बघता काम करत होती. मला वाटलं माझं काही चुकलं. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "पोचलीस का गं? बाबा कसे आहेत? तिकडे थंडी आहे का?" मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. मी हाक मारली तशी दचकून खुर्चीतून उठलीच. "अगं! तू गेली नाहीस? मला खरंच वाटलं इथे कोणी नाहीये."

परत आले तर गेटवर देवाप्पाने हात वर केला नाही. हा निपाणीकडचा, आमच्या सोसायटीत मराठी बोलणारा एकमेव वॉचमन. रोज दुरून "अक्का!" करतो. आज समोरून गेले तरी रस्त्याकडे बघत बसला. आमच्या गेटचं एक ॲप आहे, त्यात घरात कोण आणि बाहेर कोण ते दिसतं. त्यात माझ्या नावापुढे "बाहेर" दिसतंय, गुरुवारपासून. मी सोसायटीला तक्रार केली. उत्तर नाही. आजकाल कशालाच धड चालायला नको.

शनिवार, ३१ मे

अण्णांचे रिपोर्ट आले. कावीळ निम्म्यावर! डॉक्टरांनी दोनदा नाव तपासलं. "असं सहसा होत नाही," असं पुन्हा पुन्हा अण्णांना सांगत होते. मी काही विचारलं की उत्तरही अण्णांनाच देत होते. एकदा तर "आज तुमच्याबरोबर कोणी आलं नाही का?" असं विचारलं त्यांनी. अण्णा म्हणाले, "ही काय माझी मुलगी." डॉक्टर ओशाळले. बिचारे दिवसात किती चेहरे बघतात.

मला पर्वा नाही. अण्णा आज घरातल्या घरात काठीशिवाय चालले. मी इतकी खूश आहे की लिहिताना हात कापतोय. खुशीच असणार. थंडीही वाजतेय जरा.

बुधवार, ४ जून

थंडीचं काही कळत नाही. आत्या पंख्याखाली वारा घेत बसते आणि मी दोन स्वेटर घालून. बोटांची कातडी फुटली आहे, बेंगळुरूत जूनमध्ये! ताप नाही, उलट आत्या म्हणते तुझं अंग गार लागतं.

आणखी एक गंमत. आमच्या मजल्यावरच्या व्हरांड्यातून जाताना मला परवापासून वाटतं की जमीन पिवळी आहे. पिवळीधमक, रबरासारखी, आणि टोकाला उजवीकडे एक कॉफीचं मशीन. आहे अर्थात आमची नेहमीची करडी फरशी. मी वेणूला सहज सांगितलं. मग त्याने तिकडच्या इस्पितळाचा फोटो पाठवला. तो काल कागद द्यायला गेला होता. पिवळी जमीन, टोकाला उजवीकडे कॉफीचं मशीन. इस्पितळाच्या वेबसाइटवर पाहिलं असणार मी. वेणू म्हणाला, "हो, तसंच असेल." पण मग त्याने विचारलं, "ताई, तू बरी आहेस ना?" पहिल्यांदाच विचारलं, इतक्या महिन्यांत.

रात्री जेवायला आत्याने दोनच ताटं घेतली. मी बसले तशी चमकली. "अगोबाई, तू आहेस होय? मी म्हटलं तू गेलीस." कुठे जाणार मी? अण्णांच्या घशाशी घास अडकला. पाणी दिलं.

शनिवार, ७ जून

तारीख मिळाली! एकोणीस जून, गुरुवार. अण्णांची तब्येत ऐकून तिथले डॉक्टरही खूश आहेत. अण्णा मात्र आजकाल दिवसभर मला हाका मारतात. "भव्या, आहेस ना?" मी जवळच बसलेली असते. "आहे की अण्णा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. चांगल्या झालेल्या माणसाला असं एकाएकी भ्यायला काय झालं, मला कळेना.

दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. धरून ठेवलं, मग सोडलं, पुन्हा धरलं. अण्णा बाळेपेटेत पन्नास वर्षं तंबोरे लावत बसायचे, तार किंचित उतरली तरी त्यांच्या बोटांना कळतं.

"उतरलीयेस तू," म्हणाले.

"दगदग झालीय अण्णा. तुम्ही बरे झालात की मी झोपणारच आहे आठवडाभर."

"पस्तान्यात काय बांधलंस?"

मी सगळं हसत हसत सांगितलं. उपरणं मशीनमध्ये कसं अडकलं, मुहूर्त कसा टळत होता, आत्याला कसं काही दिसलं नाही. मला वाटलं हसतील. अण्णांचा स्वभाव असल्या गोष्टींवर हसायचाच.

"तुझी शाल," ते म्हणाले. "तुझ्या अंगावरची."

"हो, पण सुपारी तुमच्याच नावाने ठेवली ना! देवाला कळतं."

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. झोपले असं मला वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मी विचारलं, दुखतंय का? "नाही गं," म्हणाले. "आता काहीच दुखत नाही, हेच तर."

रविवार, ८ जून

लिहायला बळ नाही, पण लिहिते, कारण रागही आलाय.

संध्याकाळी उठले तर अण्णा घरात नाहीत. पायांत बळ नव्हतं, भिंतीला धरून लिफ्टपर्यंत गेले. लिफ्टमध्ये दोन बायका होत्या, त्यांनी माझ्या अंगावरून हात घालून बटण दाबलं. तळमजल्यावर नागनाथकाकांचं दार उघडं. अण्णा देवासमोर जमिनीवर बसलेले आणि गाठोडं सोडलेलं. काका कोपऱ्यात उभे, त्यांचा चेहरा पांढराफटक.

"अण्णा, काय केलंत हे? प्रवास मोडला ना!" मी ओरडले. होय, मीच ओरडले, विश्वास नसलेली.

"मोडला नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, ते तेच होतं, मशीनमधलं. त्यात सुपारी, हळकुंड, तांदूळ घातले आणि गाठ मारली. गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली. मग उठून माझी शाल माझ्या अंगावर घातली, दोन्ही टोकं हनुवटीखाली घट्ट धरून, शाळेत असताना रेनकोटाची बटणं लावायचे तशी. "तुझं तुला. माझं मला. कामं ज्याची त्याने करावीत."

"चूक तर दुरुस्त झाली," मी म्हटलं. "आता तरी वर चला."

"तू हो पुढे. मी गेटपर्यंत जाऊन येतो. स्वल्प पाय मोकळे करतो."

मी वर आले. शालीला कसला तरी वास येतोय, औषधाचा आणि बर्फाचा. अण्णा लगेचच आले बहुतेक. मला झोप लागली होती, पण पलंगावर त्यांच्या कण्हण्याचा आवाज आला.

मंगळवार, १० जून

ताप परतला. डोळे पुन्हा पिवळे. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, अशा आजारात मध्येच बरं वाटतं ते फसवं असतं. मग तेव्हा का नाही सांगितलंत?

मला मात्र सकाळी सपाटून भूक लागली. चार इडल्या खाल्ल्या आणि मग लाज वाटली. ऑफिसात कार्ड एका झटक्यात चाललं. हर्षिता म्हणाली, "आज किती फ्रेश दिसतेयस!" बाप तापाने फणफणलाय आणि मी फ्रेश दिसतेय. गेटवर नवाच वॉचमन आहे, देवाप्पा पेरणीसाठी गावी गेला. ॲप आपोआप सुधारलं. माझ्या नावापुढे आता "घरी" आहे. अण्णांच्या नावापुढे "बाहेर" आलंय, रविवारपासून. गेटपर्यंत गेले होते ना, आत येताना नोंद राहिली असेल.

रविवार, १५ जून

एकोणीसचं विमान रद्द केलं. झेपणार नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वेणू निघालाय.

मी अण्णांच्या पायाशी बसून भांडले त्यांच्याशी. तुम्ही बरे होत होतात, तुम्ही मनाने हाय खाल्लीत, त्या गाठोड्याच्या नादाला लागून. जायचंच नव्हतं तर तसं सांगायचं! त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आणि हसले. आजारपणात असे हसले नव्हते ते.

"जातोय की," म्हणाले. "ही पिवळी जमीन लांबच लांब आहे गं. तू कशी चाललीस एवढी, एकटी?"

त्यांना मी त्या फोटोबद्दल कधी सांगितलं नव्हतं. वेणूने सांगितलं असेल. मला फार रडू आलं, कारण मला त्यांना घेऊन जायचं होतं. मला त्यांना हाताला धरून न्यायचं होतं.

मंगळवार, १७ जून

अण्णा गेले. सकाळी, वेणूचा हात हातात असताना. मी दूध गरम करायला उठले होते.

रविवार, २९ जून

तेरावा झाला. नागनाथकाका जेवायला आले होते. मी म्हटलं, काका, तुमच्याकडचा पस्ताना आता उचलते, विसर्जन करायला हवं. ते मला खाली घेऊन गेले. स्टुलावर सुपारी, हळकुंड आणि थोडे तांदूळ पडलेले. उपरणं नाही.

"कधीपासून नाही?"

"सतराच्या सकाळी पाहिलं तेव्हा नव्हतं," काका म्हणाले. "दार आतून बंद होतं पोरी."

कामवालीने नेलं असेल. स्वच्छ धुतलेलं, चांगलं उपरणं होतं. मी काकांना तसं सांगितलं. ते "हो हो" म्हणाले, त्या पहिल्या दिवसासारखंच.

गुरुवार, ३ जुलै

वेणू परत गेला. त्याला सोडायला देवनहळ्ळीला विमानतळावर जाऊन आले. येताना टॅक्सी गेटबाहेरच थांबली आणि समोर देवाप्पा, गावाहून आलेला, कपाळावर भंडारा, तोंड भरून हसणारा. अण्णांचं त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मी सांगणार तेवढ्यात तोच बोलायला लागला.

"अक्का! आलायसा होय परत! लांबचा प्रवास झाला की ओ तुमचा. मानवलं न्हाई दिसतंय तिकडचं, वाळलाय की."

मी म्हटलं, देवाप्पा, मी कुठे गेलेच नव्हते. मी इथेच होते.

"असं कसं? त्या गुरुवारी गेला की तुम्ही, हिरवी शाल घेऊन. मीच गेट उघडलं. हाक मारली, तर बघिटलं न्हाई तुम्ही." तो जरा गोंधळला, मग पुन्हा हसला. "आनि मालक गेले त्या आयतवारी सांजचं. मी गावाकडं निघायच्या आदल्या दिशी. बॅग न्हाई, काठी न्हाई, नुसतं उपरनं खांद्यावर. झपाझपा चालले की ओ, तरन्या पोरागत! मी इचारलं, मालक, अक्का कुठं हाईत? एकलेच चाललाय?"

"काय म्हणाले?"

"म्हनाले, ती आत्ताच परत आलीया, लई दमलीया. झोपू दे तिला. आनि म्हनाले, माझ्या मागं येतो म्हनंल ती, पन सोडू नगं. गेट लावून घे देवाप्पा." त्याने गेटकडे हात केला. "मी घेतलं की लगीच लावून. कसं हाईत आता मालक? लागलं औषध?"

मी "सरी" म्हटलं, नुसतंच "सरी", आणि आत आले. माझ्या मागे त्याने गेट लावलं, ते मी वळून पाहिलं.

आत्या झोपली आहे. ताट झाकून ठेवलंय माझं. मी कपाटातून शाल काढून अंगावर घेतली आहे आणि हनुवटीखाली दोन्ही टोकं धरून बसले आहे. अण्णा, मला जेवायचं आहे, मला भूक लागली आहे. थोडं रडून घेते आणि मग जेवते.